इथे रिकाम्या हातानंच जा

कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. घरात लहान मूल असेल तर बिस्किटाचा पुडा, म्हातारं माणूस असेल तर अर्धा डझन केळी. माकडांनाही आपण हाच न्याय लावतो. घाटात गाडी थांबते, काच खाली जाते, वेफर्सची पिशवी बाहेर येते. शनिवार असला तर पुण्याचाही हिशेब जमतो. मी आज तुम्हाला अशा एका जागी जायला सांगणार आहे, जिथे माकडं तुमच्या डोक्यावरून, बाजूनं, कधी पायाजवळून जातील आणि तुम्ही त्यांना शेंगदाण्याचा एक दाणासुद्धा द्यायचा नाही.

जागा दक्षिण आफ्रिकेत आहे. नाव मंकीलँड. केपटाऊनहून समुद्राच्या कडेनं पूर्वेकडे निघालं की सव्वापाचशे किलोमीटरच्या आसपास प्लेटनबर्ग बे हे गाव लागतं. त्याच्या थोडं पुढे, द क्रॅग्ज नावाच्या भागात, महामार्गापासून जवळच हे जंगल आहे. या सगळ्या पट्ट्याला गार्डन रूट म्हणतात. आपल्याकडच्या सहल कंपन्या दक्षिण आफ्रिकेला नेतात तेव्हा याच रस्त्यानं नेतात: शहामृगांचे फार्म, कँगोच्या गुहा, नाइस्नाची खाडी, मग विमानानं जोहान्सबर्ग आणि सिंह-हत्तींची सफारी. या गर्दीत मंकीलँड बहुधा ‘वेळ मिळाल्यास’ या सदरात असतं, आणि वेळ कधीच मिळत नाही. म्हणून पहिली सूचना ही की पैसे भरण्याआधीच विचारून घ्या. शहामृगांचं एखादं दुकान कमी पाहिलं तरी काही बिघडत नाही.

मंकीलँड १९९८ साली सुरू झालं. सुमारे बारा हेक्टरचं, म्हणजे तीस एकरांच्या आसपासचं देशी झाडांचं जंगल, भोवती कुंपण आणि आत वेगवेगळ्या खंडांतून आलेली माकडं, लेमूर आणि गिबन, पिंजऱ्याशिवाय, एकाच रानात. योगायोग असा की त्याच वर्षी भारत सरकारनं माकड, अस्वल, वाघ, सिंह आणि बिबट्या यांचे खेळ करायला बंदी घातली आणि आपल्या गल्लीतला डमरूवाला मदारी हळूहळू दिसेनासा झाला. खेळातून, पिंजऱ्यातून, दिवाणखान्यातून सुटलेल्या प्राण्याचं पुढे काय करायचं, हा प्रश्न बंदीनं सुटत नाही. त्याचं एक उत्तर मंकीलँडनं शोधलं. तिथली बरीच मंडळी कुणाच्या तरी घरी पाळलेली होती, किंवा कुठल्यातरी प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यात वाढलेली.

‘मग त्यांना त्यांच्या जंगलात का सोडत नाहीत?’ हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकजण विचारतो, आणि तो विचारायलाच हवा. दक्षिण अमेरिकेतलं स्क्विरल माकड आफ्रिकेच्या रानात सोडता येत नाही. ते तिथलं नाही, आणि टिकलं तर तिथल्या पाखरांच्या अंड्यांवर जगेल. उलट ते अॅमेझॉनला परत पाठवावं तर ते ज्या घरात वाढलं तिथे त्याला कुठलं फळ खायचं, कुठल्या सावलीला घाबरायचं, टोळीत कुणासमोर मान खाली घालायची, यातलं काहीच कुणी शिकवलेलं नसतं. माकडाचं पिल्लू हे सगळं आईच्या पोटाला चिकटून शिकतं. आई नसेल तर शिकवणी नाही. शिवाय माणसांत राहून लागलेले रोग ते रानातल्या भाऊबंदांना देण्याची भीती वेगळीच. म्हणून मधला मार्ग: जंगल खरं, झाडं खरी, टोळी खरी, फक्त सीमा माणसानं आखलेली. खाणं ठरलेल्या जागी ठेवलं जातं, पानं-किडे-फळं ज्याची तो शोधतो.

हे लांबचं प्रकरण आहे असं समजू नका. गेल्या काही वर्षांत मुंबई विमानतळावर आग्नेय आशियातून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांमध्ये गिबनची पिल्लं सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. काही जिवंत, काही मेलेली. गिबनची आई पिल्लाला सहजासहजी सोडत नाही. ती उंच झाडावर असते, म्हणून तिला गोळी घालून पाडतात आणि पिल्लू उचलतात. बॅगेतल्या एका पिल्लामागे रानात एक मेलेली आई असते, आणि कितीतरी वेळा पडताना पिल्लूही मरतं. ही पिल्लं कुणाच्या तरी बंगल्यात जायला निघालेली असतात. गिऱ्हाईक आपल्यातलंच आहे.

मंकीलँडमध्ये गेल्यावर एकट्यानं भटकता येत नाही. वाटाड्या बरोबर असतो आणि फेरी साधारण तासाभराची असते. हे बंधन अनेकांना खटकतं. मला ते या जागेचं सर्वांत शहाणं काम वाटतं. वाटाड्या नसेल तर लोक पाच मिनिटांत एका माकडाभोवती घोळका करून त्याला झाडावर पळवून लावतील. तो मात्र थांबवतो, कान द्यायला लावतो, आणि मग दिसायला लागतं. पट्टेरी शेपटीचे रिंगटेल लेमूर सकाळी उन्हाकडे पोट करून, हात मांड्यांवर टाकून बसतात. आपल्याकडचे आजोबा थंडीत ओट्यावर बसतात तसेच. या लेमूरांच्या टोळीत सत्ता मादीची असते. खाण्यावर पहिला हक्क तिचा, नर निमूट मागे. स्क्विरल माकडं घोळक्यानं येतात, एका जागी टिकत नाहीत. कॅपुचिन हे माकडांतलं डोकेबाज. ब्राझीलमध्ये ती दगडानं कवचाची फळं फोडून खातात. हाउलर माकडाचा नर काळा आणि मादी सोनेरी, त्यामुळे या दोन वेगळ्या जाती आहेत असं वाटून लोक फसतात. गिबन तर माकडच नव्हे. त्याला शेपूट नसते, तो कपिकुळातला. आपल्या ईशान्य भारतातल्या हूलॉकचा नातेवाईक. हातांवर झोके घेत तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा मान वर करून बघत राहावं लागतं, आणि कॅमेरा काढेपर्यंत तो गेलेला असतो.

जंगलाच्या मधोमध दरीवरून शंभर मीटरहून लांब झुलता दोरपूल आहे. त्यावरून चालताना तुम्ही झाडांच्या शेंड्यांच्या पातळीवर येता. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी वाटाड्याला आधीच सांगावं. पुलाच्या मध्यावर जाऊन रडू फुटलं की मागच्या दहा जणांची रांग अडते.

आता वागण्याचं. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण चुका इथेच होतात.

खाण्याची कुठलीही वस्तू अंगावर नको. बसमध्ये ठेवा. चिवड्याची पिशवी, पर्समधली खोकल्याची गोळी, पोराच्या खिशातलं चॉकलेट, सगळं. प्लास्टिकच्या पिशवीची सळसळ म्हणजे खाणं, हे माणसांत वाढलेलं माकड विसरत नाही. चष्मा असेल तर दोरी लावा. लोंबतं कानातलं काढून ठेवा. टोपी असू द्या.

माकड जवळ आलं तर हात मागे घ्या आणि उभे राहा. पळू नका, वाकू नका, ‘ये ये’ करू नका. त्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. आपल्याला ते प्रेमानं बघणं वाटतं, बहुतेक माकडांच्या जगात ती लढाईची सुरुवात असते. दात दाखवलेलं माकड हसत नाही, घाबरलेलं असतं. मोठी जांभई देऊन सुळे दाखवणारा नर झोपेत नसतो, तो तुम्हाला सांगत असतो की इथून पुढे येऊ नका. मुलांना हे घरूनच शिकवून न्या, खेळ म्हणून शिकवा. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात, आणि मग तीच काकांना दटावतात.

हात लावायचा नाही. कितीही जवळ आलं, कितीही गोजिरवाणं असलं तरी नाही. यात तुमच्या सुरक्षेपेक्षा त्याची सुरक्षा जास्त आहे. माणसाचा क्षयरोग आणि गोवर माकडांना होतो. ओठावर येणारा साधा फोड, ज्याला आपण ‘तापाचा फोड’ म्हणून मलम लावून विसरतो, त्याचा विषाणू मार्मोसेटसारख्या छोट्या माकडांचा जीव घेऊ शकतो. म्हणून सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका. तिकिटाचे पैसे गेले तर गेले. सहलीत तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्मी बस शिंकत असते हे मला ठाऊक आहे. त्यांनी बाहेरच्या उपाहारगृहात कॉफी पीत बसावं.

आणि सेल्फी. यावर माझं मत जरा कडक आहे. २०१६ साली मादागास्करमधला एक छोटा व्हिडिओ जगभर फिरला: दोन मुलं एका रिंगटेल लेमूरची पाठ खाजवताहेत आणि थांबली की तो लेमूर पुन्हा खाजवा म्हणून खूण करतो. गोड व्हिडिओ, शंकाच नाही. पुढे अभ्यासकांनी ट्विटरवरच्या प्रतिक्रिया तपासल्या, तर व्हिडिओ पसरला त्या काळात ‘मला असा लेमूर हवा’ म्हणणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसली. आणि लेमूरांची स्थिती अशी की आययूसीएन या संस्थेनं २०२०मध्ये त्यांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जाती धोक्यात असल्याचं जाहीर केलं. तुमच्या खांद्यावर माकड असलेला फोटो तुमच्या भाच्याच्या मोबाइलवर जातो, तिथून त्याच्या मित्राच्या, आणि त्यातल्या कुणाला तरी वाटतं की हे घरी पाळता येतं. फोटो काढा, पण माकडाचा काढा, त्यात स्वतःला घालू नका. फ्लॅश बंद.

हवामानाचा एक मुद्दा, कारण आपण सुट्टी बघून जातो, ऋतू बघून नाही. मे-जूनमध्ये तिथे हिवाळा असतो किंवा तोंडावर आलेला असतो. गार्डन रूटवर पाऊस वर्षभर कधीही येतो. स्वेटर आणि रेनकोट दोन्ही हवेत, आणि जूनमध्ये साडेपाचच्या सुमारास अंधारून येतं, तेव्हा दुपारी उशिरा पोचाल तर मजा जाईल. सकाळची वेळ मागा. जंगलातली वाट ओली असते, सपाता घालून जाऊ नका. शेजारीच बर्ड्स ऑफ एडन नावाचं पक्ष्यांचं जाळीघर आहे, २००५ साली उघडलेलं, दोन हेक्टरांहून जास्त जंगलावर एकसंध जाळी ताणलेली. दोन्हींचं मिळून तिकीट मिळतं. अर्धा दिवस जातो, पण सत्कारणी जातो.

मंकीलँड म्हणजे स्वर्ग, असं मात्र मी म्हणणार नाही. तिथे तिकीट आहे, दुकान आहे, उपाहारगृह आहे, पर्यटकांच्या पैशावर ते चालतं. जिथून कुंपणाबाहेर जाता येत नाही ते रान नव्हे, हे कुणीही मान्य करील. तरीही ज्यांना परत जायला घर उरलेलं नाही त्यांना झाड, टोळी आणि दिवसभराचं काम देणं, हे पिंजऱ्यापेक्षा फार वरचं आहे. आणि पर्यटकाला ‘हात लावायचा नाही’ असं तोंडावर सांगणारा धंदा मला आवडतो. त्यात त्याचं नुकसान आहे. खांद्यावर माकड बसवून फोटो काढायला लोक दुप्पट पैसे देतील.

त्याच देशात सिंहाच्या छाव्यांना कुरवाळायला देणाऱ्या जागाही होत्या आणि आहेत. थायलंड, बालीला गेलात तर तिथेही ‘सँक्च्युअरी’ अशी पाटी ठिकठिकाणी दिसेल. पाटीवर जाऊ नका. फोन करून विचारा: प्राण्याला हात लावू देता का, मांडीवर घेऊन फोटो मिळतो का, पिल्लं कुठून आली, मोठी झाल्यावर कुठे जातात. पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ असं उत्तर आलं की फोन ठेवा. पिल्लं नेहमीच उपलब्ध असतील, वर्षाचे बाराही महिने, तर त्यामागे पिल्लं तयार करण्याचा उद्योग आहे. खऱ्या आश्रयस्थानाला पिल्लं नको असतात, कारण प्रत्येक पिल्लू म्हणजे आणखी वीस-पंचवीस वर्षांची जबाबदारी.

ज्यांना दक्षिण आफ्रिकेला जायचं नाही, किंवा जमणार नाही, त्यांनी आता वाचायचं थांबवू नये. उलट हा लेख त्यांच्यासाठीच जास्त आहे. ताम्हिणीत, वरंध्यात, महाबळेश्वरच्या पॉइंटांवर, घारापुरीच्या पायऱ्यांवर वाटाड्या नाही, आणि नेमकं तेच सगळं आपण करतो जे तिथे करू देत नाहीत.

आपल्याकडे मुख्यतः दोघं: लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचं वानर. वानराच्या पोटाला कप्पे असतात आणि त्यात पानं आंबवून पचवली जातात. त्याच्या पुढ्यात पाव, जिलबी, क्रीमचं बिस्किट टाकणं म्हणजे प्रेम नव्हे, पोटदुखी. लाल तोंडाचं माकड गालाच्या पिशव्यांत भराभर कोंबतं आणि नंतर निवांत खातं, त्यामुळे त्याची भूक कधी भागलीच नाही असं आपल्याला वाटतं आणि आपण टाकत राहतो. हे माकड फक्त भारताच्या दक्षिण द्वीपकल्पात सापडतं, जगात दुसरीकडे कुठेही नाही. ते घाटात भरपूर दिसतं म्हणून जगात भरपूर आहे असं नाही. दोन-तीन पिढ्या रस्त्याच्या कडेला वाढल्या की त्यांना उंबर कुठे पिकला हे शोधायची गरज राहत नाही. मग गाड्यांखाली येणं, एकमेकांत मारामाऱ्या, पर्यटकांच्या पिशव्या ओढणं, आणि शेवटी ‘माकडं माजलीत’ अशी तक्रार. माजवली कुणी?

कोकणातल्या बागायतदाराला हे वाचून राग येईल, आणि तो रास्त आहे. ज्याचे नारळ आणि आंब्याचा मोहोर वानरांनी लोळवला, त्याला माकडांवर दया करा म्हणून मी सांगणार नाही. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळावी, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण रस्त्यावर खाणं फेकून माकडांना माणसाच्या अन्नाची सवय लावणारे पर्यटक हे त्याचे मित्र नव्हेत, एवढं तोही मान्य करील.

आपल्याला माकडांबद्दल प्रेम नाही असं कसं म्हणावं? धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात बत्तीस एकर जमीन माकडांच्या नावावर असल्याची बातमी २०२२ साली आली होती. जमीन म्हणजे झाडं, झाडं म्हणजे फळं आणि पानं. ज्या कुणा पूर्वजानं हे केलं त्याला देणं म्हणजे काय हे कळलं होतं. शनिवारी काहीतरी द्यायचंच असेल तर गावाबाहेरच्या गायरानात उंबर, वड, जांभूळ लावा आणि दोन उन्हाळे पाणी घाला. एवढं होत नसेल तर किमान गाडीची काच वर ठेवा, मागच्या सीटवरच्या आजींना समजावून सांगा. त्या ऐकतील. त्यांना ‘बंदी आहे’ म्हणून सांगू नका, ‘पोट बिघडतं त्याचं’ म्हणून सांगा.

आणि कुठे साखळीला बांधलेलं माकड दिसलं, कुणाच्या फार्महाउसवर, ढाब्याच्या मागे, कुणी विकायला आणलेलं, तर व्हिडिओ काढून गटात टाकण्याआधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. ठिकाण नीट सांगा: गाव, रस्ता, जवळची खूण. तुमचा मोबाइल चालू ठेवा, कारण माणसं वाटेत पत्ता विचारायला परत फोन करतात. साखळी स्वतः सोडायला जाऊ नका. बांधलेलं माकड घाबरलेलं असतं आणि चावतं. चावलंच, किंवा ओरखडा आला, तर वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना भरू नका, आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करा. पुढच्या तारखांना न चुकता जा, जखम भरलेली दिसली तरी.